तसबिरीची मागची बाजू

काव्य, नाटक आणि कादंबरी ह्यांचे परीक्षण करण्याची प्रथा आपल्याकडे चांगली रुजली आहे. चित्र व शिल्प ह्यांविषयीही अधूनमधून कोणी अधिकारी गृहस्थ लिहितात. परंतु मराठी घराच्या ओटीवर किंवा माजघरात पिढ्यान्‌पिढ्या टांगलेल्या तसबिरीसंबंधाने टीकाकाराने दोन शब्द लिहावेत, असे फारसे कोणास वाटत नाही. कलावंतांच्या मते ती कारागिरी, इतिहासकारांच्या मते ती घरगुती बाब, आणि घरच्या मंडळींच्या मते ती भिंतीचाच एक भाग. स्टुडिओत बसून काढविलेला व आठवणीदाखल जपलेला एकोणिसाव्या शतकातील फोटो हा एखाद्या वाङ्मयप्रकारासारखाच वाचावा लागतो. त्याचे संकेत ठरलेले आहेत, त्यात सरस-नीरस असा भेद करता येतो, आणि तो अर्धवट वाचला तर त्याचा अर्थच पालटतो, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. उदाहरणादाखल आम्ही जुन्या कुलाबा व आताच्या रायगड जिल्ह्यातील महाड आणि पोलादपूर ह्या दोन तालुक्यांतील घरे डोळ्यांपुढे ठेवली आहेत. तेथे हा प्रश्न केवळ रसिकतेचा राहिलेला नाही, निकडीचा झाला आहे. त्याचे कारण ओघाने येईल.

प्रथम ही वस्तू आपल्या घरांत आली कशी ते पाहू. डागेर ह्या फ्रेंच गृहस्थाची युक्ती पॅरिस येथे १८३९ साली जाहीर झाली. परंतु तिच्याने एका वेळी एकच चित्र निघे, त्याची दुसरी प्रत निघत नसे. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर ह्या इंग्रजाने काचेवर कलोडियनचा ओला थर देऊन तीवर उलटी छाया घेण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि एका काचेवरून कागदावर हव्या तितक्या प्रती काढता येऊ लागल्या. १८५४ साली डिस्देरी ह्या पॅरिसच्या फोटोग्राफराने एकाच काचेवर आठपर्यंत लहान चित्रे घेण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. अडीच इंच रुंद व चार इंच उंच अशा पुठ्ठ्यावर चिकटविलेला हा फोटो, भेटीस गेल्यावर द्यावयाच्या कार्डाएवढाच असल्यामुळे त्याच नावाने ओळखला जाऊ लागला. १८६० नंतरच्या दशकात त्याहून मोठा ‘कॅबिनेट’ आकार निघाला. राजेरजवाड्यांपुरती असलेली तसबीर ह्या दोन आकारांमुळे कारकून, वकील, सावकार व मामलेदार ह्यांच्या आवाक्यात आली.

आपल्याकडे ही विद्या येण्यास विलंब लागला नाही. मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड ह्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे वैद्यकी करीत असताही ह्या कलेत निष्णात झाले होते. १८५५ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. त्या वर्गात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण ह्यांनी पुढे मुंबईत स्वतःचा स्टुडिओ चालविला, आणि १८६७ च्या पॅरिस येथील प्रदर्शनात त्यांची चित्रे मांडली गेली. म्हणजे ही कला साहेबाने आणली आणि आपण फक्त तिच्यापुढे जाऊन बसलो, असे म्हणणे बरोबर नाही. यंत्राच्या दोन्ही बाजूंस मराठी माणूस अगदी आरंभापासून आहे.

महाडच्या माणसास मुंबई त्या काळीही फार लांब नव्हती. सावित्रीच्या खाडीने मचव्यातून बाणकोट, आणि तेथून समुद्रमार्गे मुंबई असा रस्ता होता. पोलादपुराहून घाट चढला की महाबळेश्वर, वाई आणि पुढे पुणे. शिक्षणासाठी, कोर्टकचेरीसाठी, व्यापारासाठी किंवा पलटणीतील नोकरीसाठी घर सोडून गेलेला मनुष्य परत येताना किंवा टपालाने जी वस्तू पाठवी, तींत हा पुठ्ठ्यावरील फोटो असे. ह्या भागात जे जुने फोटो आमच्या पाहण्यात आले, त्यांच्या पाठीवर मुंबईच्या किंवा पुण्याच्या स्टुडिओंचे पत्ते आहेत. म्हणून ह्या तसबिरींचा पहिला अर्थ ‘मी असा दिसतो’ असा नसून ‘मी येथे आहे, आणि बरा आहे’ असा आहे. ते एक प्रकारचे पत्रच होय.

ह्या फोटोंवर नेहमी जो आक्षेप घेतला जातो तो कृत्रिमतेचा. मागे रंगविलेला पडदा, त्यावर कधी न पाहिलेली विलायती बाग. शेजारी संगमरवराचा भास करणारा लाकडी खांब. टेबलावर मखमल, तीवर पुस्तक. आणि मध्ये पगडी-उपरण्यातील एखादे गृहस्थ, काठी गिळल्यासारखे ताठ. ह्यात जिवंतपणा तो कोठला, असे विचारले जाते. ताठपणाचे एक कारण अगदी व्यावहारिक आहे. ओल्या काचेवर छाया उमटण्यास काही सेकंद लागत. तेवढ्यात मान हलली तर चेहरा पुसट होई. म्हणून खुर्चीमागे लोखंडी दांडी उभी करून तिच्या चिमट्यात डोके अडकवीत. जुन्या फोटोत उभ्या माणसाच्या पायांमागे कधी कधी एक तिसरा पाय दिसतो, तो ह्या दांडीचा. परंतु आमच्या मते खरे उत्तर ह्याहून निराळे आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात लोकधर्मी आणि नाट्यधर्मी असे प्रयोगाचे दोन प्रकार सांगितले आहेत. लोकव्यवहार जसा आहे तसा दाखविणे हा पहिला, आणि संकेतांच्या द्वारे दाखविणे हा दुसरा. दुसरा खोटा, असे कोणी रसिक म्हणत नाही. स्टुडिओतील तसबीर ही नाट्यधर्मी आहे. त्या पडद्याने फसावे असा कोणाचाच हेतू नव्हता. घरी रोज कोणी मखमलीवर हात टेकून बसत नसे, हे काढणाऱ्यास, काढविणाऱ्यास आणि पाहणाऱ्यास सारखेच ठाऊक होते. रंगभूमीवर पात्राने पाऊल टाकावे तसा तो मनुष्य त्या पडद्यापुढे आला, आणि आपण कसे आठवले जावे हे त्याने त्या काही सेकंदांत ठरविले. त्याच्या खऱ्याखोट्याचा निवाडा पडद्यावरून करणे म्हणजे कीर्तनकाराची परीक्षा त्याच्या उपरण्याच्या काठावरून करणे होय.

मग सरस कोणते आणि नीरस कोणते? ज्या चित्रात संकेत पूर्ण पाळले आहेत आणि तरीही माणूस त्यांच्या आड गेला नाही, ते सरस. ह्यासाठी चेहऱ्यापेक्षा हातांकडे पाहावे असे आम्ही सुचवितो. चिमट्याने मान आवळता येते, नजर कोठे लावावी हे सांगता येते. हातांचे मात्र कोणास फारसे सुचत नसे. ते मांडीवर, पुस्तकावर किंवा खुर्चीच्या पाठीवर ठेविले जात आणि तेथे आपल्या स्वभावाने राहत. कूळकायद्याच्या पूर्वीचे खोत आणि त्यांच्या शेजारी उभे राहिलेले भाऊबंद ह्यांच्या गटचित्रांत कोणाच्या हातास लेखणीची सवय आहे आणि कोणाच्या हातास विळ्याची, हे कपड्यांवरून कळत नाही ते बोटांवरून कळते. ज्या चित्रात हातही पुतळ्यासारखे झाले आहेत, त्याची प्रत उत्तम असली तरी ते नीरसच समजावे.

टीकाकारास ह्या कलेची यांत्रिक बाजूही थोडी ठाऊक असली पाहिजे. नाहीतर जे दिसते त्याचा विपरीत अर्थ होतो. त्या काळच्या काचेस निळा प्रकाश लवकर दिसे, तांबडा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळे निळे लुगडे पांढुरके उतरे, आणि तांबडी पगडी व हळदीचा पिवळा रंग ही गडद होत. कुंकू काळे येई. जुन्या फोटोतील आजीच्या कपाळी काळी टिकली पाहून कोणी तर्क चालविलेले आम्ही ऐकले आहेत. परंतु ते कुंकूच आहे. गव्हाळ व सावळे वर्णही ह्याच कारणाने आहेत त्यांपेक्षा काळे उमटत. लोखंडी पत्र्यावर थेट घेतलेल्या स्वस्त फोटोंची गोष्ट आणखी निराळी. त्यांत उलटी काच व सुलटी प्रत असा प्रकार नसल्यामुळे चित्र आरशातल्यासारखे उलटे येते. डाव्या नाकपुडीतील नथ उजवीकडे जाते. आणि एखाद्या शास्त्रीबुवांचे जानवे उजव्या खांद्यावर दिसून ते श्राद्धास बसले आहेत की काय, असे वाटते. आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. त्या काळच्या कागदाची चकाकी अंड्याच्या पांढऱ्या बलकाची असे, आणि पुढे जो थर आला तो जिलेटिनचा, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचा. ज्या सोवळ्या घरांत कांदाही वर्ज्य होता, त्या घरांत देव्हाऱ्याच्या शेजारी ही वस्तू निर्वेधपणे नांदली!

येथपर्यंत चित्राच्या पुढील बाजूचा विचार झाला. आता आम्ही मुख्य मुद्द्याकडे वळतो. ज्या यंत्राने घरोघरच्या आठवणी तयार झाल्या, त्याच यंत्राने त्याच मुंबईत दुसरीही एक निर्मिती चालली होती. विल्यम जॉन्सन ह्या फोटोग्राफराने मुंबईत राहणाऱ्या व येणाऱ्या जातिजमातींचा एक संग्रह दोन भागांत प्रसिद्ध केला. पहिला, गुजरात, कच्छ व काठेवाड ह्यांविषयीचा, १८६३ साली निघाला. दुसरा, महाराष्ट्राविषयीचा, १८६६ साली. त्यात माणसांच्या आकृती वेगळ्या घेऊन त्यांच्यामागे निरनिराळ्या स्थळांचे देखावे जोडलेले आहेत. पुढे सरकारच्या आश्रयाने १८६८ ते १८७५ ह्या काळात हिंदुस्थानच्या लोकांविषयीचा आठ खंडांचा ग्रंथ निघाला आणि त्यात चारशेहून अधिक फोटो आले. ह्या संग्रहांचे ऐतिहासिक महत्त्व आम्ही कमी लेखीत नाही. त्यांतील कित्येक चित्रे कलेच्या दृष्टीने घरगुती फोटोंहून वरचढ आहेत. उजेड चांगला, मांडणी सुबक, पोषाखाचा तपशील स्पष्ट. परंतु चित्राखाली बहुधा जातीचे, जमातीचे किंवा धंद्याचे नाव असते, माणसाचे नसते. समोरच्या व्यक्तीस घर होते, आईबाप होते, तिला कोणी एका नावाने हाक मारीत होते. त्यातील काहीएक पुठ्ठ्यावर उतरले नाही. ती व्यक्ती ‘नमुना’ झाली.

आता घरातील तसबीर आणि हा नमुना शेजारी शेजारी ठेवून पाहा. पडदा तोच, खुर्ची तीच, उजेड तोच. कित्येकदा फोटोग्राफरही एकच. मग एक आठवण आणि दुसरा नमुना हा भेद कशाने झाला? केवळ नावाने. ‘हे आमचे अमुक’ असे म्हणणारा कोणी जवळ असेपर्यंत ती आठवण आहे. तो गेला आणि नाव कोठे लिहिलेले नसले, म्हणजे तीच तसबीर ‘जुन्या काळचा एक कोकणी गृहस्थ’, ‘नऊवारीतील एक स्त्री’ अशी होते. मुंबईच्या चोरबाजारात अशा कितीतरी तसबिरी चौकटीच्या किमतीस विकल्या जातात. जॉन्सनच्या संग्रहातील अनाम माणसांविषयी आपण साहेबास दोष देतो, आणि आपल्या पणज्यांस आपल्याच घरात त्याच पंक्तीस नेऊन बसवितो.

नाव किती मोलाचे आहे हे पाहण्यासाठी एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. गोपाळराव जोश्यांची बदली अलिबागेस झाल्यामुळे काही काळ ह्याच कुलाबा जिल्ह्यात राहिलेल्या आनंदीबाई पुढे अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या आणि १८८६ साली एम. डी. झाल्या. त्यापूर्वी काही महिने, ऑक्टोबर १८८५ मध्ये, तेथे घेतलेल्या एका फोटोत तीन स्त्रिया आहेत: आपल्या आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली. तिघीही आपापल्या देशाच्या वेषात. नाव नसते तर हा फोटो पौर्वात्य पोषाखांचा नमुना म्हणून सहज खपला असता. परंतु चित्राखाली तिघींची नावे, गावे आणि देश छापले आहेत. ते निर्दोष नाहीत. आनंदीबाई जेथून निघाल्या त्या श्रीरामपूरचे, म्हणजे बंगालमधील सेरामपूरचे, स्पेलिंग बिघडले आहे, आणि सबात ह्यांच्या नावाचे पहिले अक्षरही चुकले आहे. तरीही त्या चुकलेल्या अक्षरांनी जे काम केले ते निर्दोष चित्राने एकट्याने झाले नसते. तीन वेषांच्या जागी तीन विदुषी उभ्या राहिल्या. आनंदीबाई पुढे दीड वर्षाच्या आतच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, पुण्यास वारल्या. हे ज्यास ठाऊक आहे त्यास तो फोटो निराळाच दिसतो.

आमच्या घरांत नाव का लिहिले गेले नाही, ह्याची कारणे आमच्याच रीतिभातीत आहेत. आपण वडील माणसास नावाने हाक मारीत नाही. नाना, तात्या, अण्णा, भाऊ. अक्का, काकू, वहिनी, माई. पत्नीने पतीचे नाव घ्यावयाचे ते उखाण्यातून, वर्षातून एखाद्या वेळी. स्त्रीस तर दोन नावे, माहेरचे एक आणि सासरचे दुसरे. सासरी पहिले कोणास आठवत नाही आणि माहेरी दुसरे कोणास लागत नाही. अशा घरात तसबिरीखाली कोणी लिहिलेच तर ‘ती. नाना’ एवढे लिहितो. लिहिणाऱ्याच्या दृष्टीने ते पुरेसे असते, कारण त्याचे नाना जगात एकच. परंतु नातू म्हणणारे गेले की ‘नाना’ हे कोणाचेच नाव राहत नाही. ह्याउलट फोटोच्या पाठीवर स्टुडिओचे नाव, त्याची पदके, पत्ता आणि काच जपून ठेविली असल्याची जाहिरात ही वेलबुट्टीदार अक्षरांत छापलेली असतात. काढणाऱ्याचे नाव कायम राहिले, काढविणाऱ्याचे नाही.

भवभूतीच्या उत्तररामचरिताचा पहिला अंक येथे आठवतो. लक्ष्मण राम-सीतेस त्यांच्याच पूर्वचरित्राची चित्रे दाखवीत आहे. विवाहाच्या चित्राशी येऊन तो एकेकीचे नाव सांगतो: ही आर्या सीता, ही मांडवी, ही श्रुतकीर्ती. सीता हसून विचारते की ही आणखी एक कोण? ती ऊर्मिला, लक्ष्मणाची पत्नी. लक्ष्मण लाजतो आणि तिचे नाव न सांगता पुढचे चित्र दाखवू लागतो. त्या प्रसंगाचे माधुर्य सर्व रसिकांस ठाऊक आहे, आणि सीतेस उत्तर ठाऊकच असल्यामुळे तेथे काही हानी होत नाही. परंतु क्षणभर अशी कल्पना करावी की सीता नाही, लक्ष्मण नाही, केवळ चित्रपट उरला आहे. मग मांडवी ओळखता येईल आणि ऊर्मिला ही ‘आणखी एक’ म्हणूनच राहील. आमच्या घरोघरच्या भिंतींवर अशा पुष्कळ ऊर्मिला आहेत. संकोच हा गोड गुण खरा, परंतु तो सांगणाऱ्याच्या आयुष्याएवढाच टिकतो, आणि तसबीर त्याहून अधिक टिकते.

ह्यावर कोणी म्हणेल की उत्तम चित्रास नावाची गरज नसते. अनेक थोर व्यक्तिचित्रांतील माणसे आज कोणास ठाऊक नाहीत आणि तरीही आपण त्यांच्यापुढे तासन्‌तास उभे राहतो. केवळ कलेच्या दृष्टीने हे आम्हांस मान्य आहे. परंतु आठवणीदाखल काढविलेल्या फोटोने कलाकृती होण्याचे वचन कोणास दिलेले नव्हते. त्याने एका माणसास दुसऱ्या माणसापाशी ठेवून घेण्याचे वचन दिले होते, आणि त्याची परीक्षा त्या वचनावरूनच झाली पाहिजे.

दुसरी एक गोष्ट न्यायासाठी सांगितली पाहिजे. ह्या तालुक्यांतील सर्वांच्या वाट्यास तसबीर आली नाही. स्टुडिओची पायरी चढणे हे पैशाचे काम होते, आणि फोटोने आयुष्य उणे होते अशी समजूतही होती. गावकुसाबाहेरच्या माणसास तर समाज नमुन्यापलीकडे ओळखीतच नव्हता. महाडजवळच्या रावढूळ गावचे गोपाळबाबा वलंगकर १८८६ साली पलटणीतून निवृत्त झाले आणि १८८८ साली अस्पृश्यतेचा प्रतिवाद करणारी पुस्तिका त्यांनी लिहिली. अशा माणसाचे नाव पलटणीच्या दप्तरात लिहिले गेले होते. गाव मात्र त्यास जातीने ओळखी. पुढे १९२७ साली ह्याच महाडात डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसे चवदार तळ्यावर गेली, तेव्हाही मागणी हीच होती की आम्हांस नमुना समजू नका, माणूस समजा. ज्यांच्या घरी त्या काळचा एकही फोटो नाही, त्यांना निदान नावे जपण्याचे मोल कोणी शिकवावयास नको. ज्यांच्या घरी भिंतभर तसबिरी आहेत, त्यांनीच ते शिकावयाचे आहे.

आता निकडीचे कारण. महाड हे सावित्री व गांधारी ह्या नद्यांच्या काठचे गाव; पाणी चढणे तेथे नवे नाही. परंतु २००५ च्या जुलैत जी अतिवृष्टी झाली तिच्यात दासगाव, जुई, रोहण व कोंडिवते येथे दरडी कोसळून माणसे आणि घरे एकदमच गेली. २०२१ च्या जुलैत महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली, तळिये गावची वाडी डोंगराखाली गाडली गेली, आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे व सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. माणसांच्या हानीपुढे कागदाचे दुःख सांगू नये हे आम्ही जाणतो. परंतु पूर ओसरल्यावर चिखलातून लोक ज्या वस्तू आधी शोधतात, त्यांत गेलेल्या माणसांच्या तसबिरी असतात, हे तेथील कोणीही सांगेल. पाण्यात जिलेटिनचा थर फुगतो आणि काचेस चिकटतो. ओढून काढू गेल्यास चेहरा काचेवर राहतो आणि हातात कोरा कागद येतो. मागे शाईने लिहिलेले धुऊन जाते. शिसपेन्सिलीने लिहिलेले मात्र राहते, कारण शिसे पाण्यात विरत नाही. कोणा शिक्षकाने कंटाळा न करता पाठीवर पेन्सिलीने खरडलेले एक नाव महागड्या चौकटीहून अधिक उपयोगी पडते, ते असे.

हल्ली तसबिरीचा फोटो मोबाइलने घेऊन नातलगांस पाठवितात. ही सोय मोठी आहे, आणि पुराच्या गावास तर ती वरदानच आहे. परंतु ह्या प्रती बहुधा काचेवरूनच घेतलेल्या, पुढील बाजूच्या असतात. शंभर घरी एक चेहरा पोचतो, नाव एकाही घरी पोचत नाही. आठवणीचा नमुना होण्याची जी क्रिया पूर्वी दोन पिढ्या घेई, ती आता एका दुपारी पुरी होते.

आपल्या धर्मकृत्यांत ह्या प्रश्नाचे एक मोजमाप दिलेले आहे. श्राद्धात पिता, पितामह आणि प्रपितामह ह्या तीन पिढ्यांची नावे गोत्रासह उच्चारावयाची; आई, आजी व पणजी ह्यांचीही. स्मृतीस त्याहून अधिक ओझे झेपणार नाही, असे शास्त्रकारांनी जणू धरूनच चालविले होते. त्यांच्या काळी चेहरे मागे उरत नव्हते, म्हणून नाव आणि चेहरा बरोबरच विस्मृतीत जात. आमच्यापाशी पाचव्या-सहाव्या पिढीचा चेहरा आहे, आणि नाव मात्र तिसऱ्या पिढीशी थांबलेले आहे. कागद स्मृतीच्या पुढे गेला आहे. ती तूट भरून काढणे हे आमच्या पिढीचे काम आहे, कारण ती नावे सांगू शकणारी शेवटची माणसे अद्याप आमच्यात आहेत.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. गणपतीस किंवा पितृपक्षात चाकरमानी मंडळी महाड-पोलादपुराकडे आपल्या घरी जातातच. त्या दिवसांत एकदा भिंतीवरील तसबिरी खाली उतरवाव्यात, घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीजवळ बसावे आणि एकेकाचे नाव विचारावे: नाना नव्हे, नानांचे नाव, काकू नव्हे, काकूंचे माहेरचे व सासरचे नाव, गाव, आणि फोटो कोणत्या निमित्ताने काढविला ते. मग मऊ पेन्सिलीने ते पाठीवर लिहावे, आणि प्रत काढावयाची तर दोन्ही बाजूंची काढावी. भिजलेला फोटो हाती आला तर तो काचेपासून ओरबाडू नये. स्वच्छ पाण्यात हलकेच धुऊन, चेहरा वर ठेवून, सावलीत वाळवावा. ह्यास ना मंडळाची गरज आहे, ना वर्गणीची. पुढील पावसाळ्यापूर्वी एका घरातील एका ऊर्मिलेचे नाव जरी लिहिले गेले, तरी हा लेख लिहिल्याचे आम्हांस समाधान वाटेल.